छपराचं तोंड कुणीकडे?

चेन्नई शहराचं सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध होतं, रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यांतून जातं आणि मग नळवाटे श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक पट्ट्यात पोहोचतं. तिथे फर्स्ट सोलर या अमेरिकन कंपनीचा कारखाना आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. एका टोकाने काच आत जाते आणि साधारण चार तासांत दुसऱ्या टोकाने तयार सौर पॅनेल बाहेर पडतं. वर्षाला ३.३ गिगावॅट क्षमतेची पॅनेलं तयार व्हावीत, अशी त्याची रचना आहे. आकडा मोठा आहेच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती पाण्याची व्यवस्था. हा कारखाना जमिनीतून, तळ्यातून किंवा नदीतून पाणी उपसत नाही. शहराने वापरून टाकलेलं पाणीच तो घेतो, आणि वापरलेलं पाणी बाहेर सोडत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले होते आणि जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपल्याला आठवत असेल. लातूरकरांना तर मिरजेहून आलेली पाण्याची गाडी सांगायलाच नको. चेन्नईसारख्या शहराच्या कुशीत पाणीखाऊ कारखाना उभा करायचा, तर पाणी कुठून येणार हा प्रश्न भिंतींच्या आधी येतो. त्याच २०१९ मध्ये कोयंबेडूला दिवसाला साडेचार कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र सुरू झालं, ते या पट्ट्यातल्या उद्योगांसाठीच. कारखान्याच्या फोटोंत हे काही दिसत नाही. फोटोंत दिसते ती पांढरी, लांबलचक, बिनखिडक्यांची पेटी. हरित वास्तुरचनेवरच्या गुळगुळीत पुस्तकांत तिला जागा मिळणं कठीणच.

स्वच्छ ऊर्जेच्या कारखान्याबद्दल बोलताना आपली पहिली गल्लत इथेच होते. माल स्वच्छ, म्हणजे कारखाना स्वच्छ, असं आपण धरून चालतो. फार तर छपरावर चार पॅनेलं, दारात हिरवळ आणि भिंतीवर मानांकनाची पाटी एवढं बघतो. कारखान्याची भूक मात्र त्याच्या प्रक्रियेत असते. नेहमीच्या निळ्या-काळ्या पॅनेलसाठी लागणारं शुद्ध सिलिकॉन घ्या. ते एक किलो बनवायला ५० ते ७० युनिट वीज लागते. साडेपाचशे वॅटच्या पॅनेलमध्ये असं सिलिकॉन सव्वा किलोच्या आसपास असतं, म्हणजे नुसत्या कच्च्या मालातच पाऊणशे युनिट गेली. महाराष्ट्राच्या उन्हात असं पॅनेल दिवसाला सरासरी दोन-सव्वादोन युनिट देतं, म्हणजे महिन्याभरात एवढा हिशेब चुकता होतो. काच, अॅल्युमिनियमची चौकट, सेल भाजणं, सगळं धरलं तरी साधारण वर्षभरात पॅनेल आपल्या जन्माचा खर्च फेडतं आणि पुढे पंचवीसेक वर्षं निव्वळ देत राहतं. सौरविजेवर आक्षेप घेणाऱ्यांना एवढं गणित पुरे.

पण हेच गणित कारखान्याच्या छपराला लावलं की नक्षा उतरतो. एक हेक्टर छपरावर, चालायच्या वाटा आणि पंखे सोडून, एक मेगावॅटच्या आसपास पॅनेलं बसतात. ती वर्षाला चौदा-पंधरा लाख युनिट देतील. सिलिकॉन वितळवायला १४१४ अंश सेल्सिअस तापमान लागतं. ज्या भट्ट्या हे काम चोवीस तास करतात, त्यांच्यापुढे चौदा लाख युनिट म्हणजे दर्या में खसखस. सेल जिथे बनतात त्या खोल्यांत धूळ चालत नाही, दमटपणा चालत नाही, तापमान अंशभरही हललेलं चालत नाही. तिथे खिडकी उघडून वारा घेऊ म्हणणाऱ्या वास्तुकाराला दारातूनच परत पाठवतील.

तरीही इमारतीच्या हातात बरंच असतं. दिवे, पंखे, छपरातून उतरणारी उष्णता, माणसांचा दम, पाणी, आणि इमारतीच्या अंगातलं पोलाद व सिमेंट. एक टन पोलाद बनवताना जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात त्याहून जास्त. शेडचा एकेक खांब असा हवेवर कर्ज काढूनच उभा राहतो.

हा हिशेब मुळापासून मांडून बघायचा प्रयत्न जर्मनीत झाला. फ्रायबुर्ग शहरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस गेओर्ग साल्वामोझर या उद्योजकाने सौर पॅनेलांचा कारखाना बांधला, त्याचं नावच झोलार-फाब्रिक. दक्षिणेकडे तिरकी उभी काचेची भिंत. थंडीत खाली उतरलेलं ऊन थेट आत यावं आणि उन्हाळ्यात वर चढलेलं ऊन तिथे बसवलेल्या पॅनेलांनी अडवावं, अशी योजना. उरलेली वीज आणि उष्णता मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या तेलावर चालणाऱ्या संयंत्रातून. ‘शून्य उत्सर्जन कारखाना’ हा शब्दप्रयोग तेव्हा नवा होता, आणि जगभरचे लोक ही इमारत बघायला येत.

त्यानंतर २००२ मध्ये ब्राउनश्वाइगला सोल्विस या कंपनीचा कारखाना झाला. बांट्स आणि रीक्स हे त्याचे वास्तुकार. ही कंपनी सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारी यंत्रणा बनवते. या इमारतीची गंमत अशी की तिचा पोलादी सांगाडा छपराच्या वर, बाहेर आहे आणि छप्पर त्याला खालून टांगलेलं आहे. आपल्याकडे कैच्या आत असतात आणि त्यांच्यामधली आठ-दहा फुटांची पोकळी कबुतरांच्या मालकीची होते. ब्राउनश्वाइगमध्ये त्या पोकळीलाही हिवाळाभर ऊब द्यावी लागली असती. सांगाडा बाहेर काढला, आतलं आकारमान घटलं, आणि गरम करायची हवा तेवढी कमी झाली. माझ्या मते अलीकडच्या कारखाना-वास्तुरचनेतल्या उत्तम कल्पनांपैकी ही एक, आणि आपण ती मुळीच उचलू नये. आपल्याला वर पोकळी हवीच असते, कारण तापलेली हवा तिथे चढते आणि खालचा माणूस जरा सुटतो. तिथली युक्ती इथे आणली तर ती शिक्षा होईल. हरित इमारतींच्या मासिकांतली छायाचित्रं बघून आराखडे काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

आपल्या हवेत काय चाललं हे बघायला फार लांब जावं लागत नव्हतं. मुंबईच्या गिरणगावात ते शंभर-सव्वाशे वर्षं उभं होतं. सूतकताईची खाती बहुमजली असत, पण साचेखातं बहुतेक बैठं. मागांचा हादरा जमिनीने सोसावा हे त्याचं एक कारण, आणि दुसरं उजेड. तुटलेला धागा क्षणात दिसला पाहिजे, आणि कापडावर ऊन-सावलीचे पट्टे पडता कामा नयेत. त्यासाठी करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. प्रत्येक दात्याची एक बाजू काचेची, उत्तरेला तोंड करून, दुसरी उतरती, दक्षिणेला, कौलांची किंवा पत्र्याची. उत्तरेचा उजेड मऊ असतो, दिवसभर फारसा बदलत नाही, हे चित्रकारांनाही ठाऊक असतं. ही पद्धत इंग्लंडमधल्या लँकेशायरहून आली.

येताना ती थोडी अडखळली असणार. लँकेशायरला दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. मुंबई १९ अंशांवर, कर्कवृत्ताच्या बरीच खाली. म्हणून मे महिन्याच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शाळेतली मुलं काठी रोवून ‘शून्य सावलीचा दिवस’ बघतात तो हाच. मग तो डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीस परत फिरतो. शिवाय मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळचं ऊन ईशान्येकडून आणि वायव्येकडून तिरपं येतं. थंड देशात अधिक उजेड मिळावा म्हणून काच मागे कललेली ठेवतात. ती तशीच इथे बसवली तर मे महिन्याच्या भर दुपारी उत्तरेची काच थेट ऊन आत घेईल. आपल्याकडे काच सरळ उभी हवी, आणि वर हातभर छज्जा. जूननंतर ढग बाकीचं काम करतात.

याच छपराचं दक्षिणेकडचं अंग सौर पॅनेलांना जसं मिळायला हवं तसं आयतं मिळतं. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, त्या जागेच्या अक्षांशाइतकं, म्हणजे आपल्याकडे अठरा-वीस अंश कललेलं असावं हा ठोकताळा आहे. म्हणजे उत्तरेने उजेड घ्या, दक्षिणेने वीज. सपाट छपरावर या दोघांचं भांडण लागतं. पॅनेलांनी छप्पर झाकलं की खाली भर दुपारी दिवे लावावे लागतात, आणि उजेडासाठी जागा सोडली तर वीज घटते. करवती छपरात दोघांचा सवतासुभा. ज्या रचनेला आपण गिरण्यांबरोबर मोडीत काढलं, ती सौरयुगासाठी इतकी सोयीची निघावी याचं मला नवल वाटतं, थोडी चीडही येते.

अर्थात मोडीत काढायला कारणं होती. दोन दात्यांमधली पन्हळ हे या छपराचं मर्म, आणि तेच त्याचं दुखणं. कोकणच्या पावसात तिथे पाला अडकतो, पाणी तुंबतं आणि बरोबर यंत्रावर ठिबकतं. काचा पुसाव्या लागतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात तर खिडक्यांच्या आणि छपरातल्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात असं चक्क कलम होतं. कायदा करणाऱ्यांनी शेडमध्ये उभं राहून वर पाहिलेलं असावं, असं ते वाचताना वाटतं. ट्यूबलाइट स्वस्त झाली आणि काच पुसणारा माणूस महाग वाटू लागला, तेव्हा हे कलम कागदावर राहिलं.

आज चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, शेंद्रा, कुठेही जा, दिसते ती पीईबी, म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग पद्धतीची शेड. सांगाडा दुसरीकडे बनतो, ट्रेलरवरून येतो, नटबोल्टांनी जोडला जातो आणि चार-सहा महिन्यांत उत्पादन सुरू. दोष काढायला सोपी असली तरी या शेडने लहान उद्योजकाला कारखाना परवडण्याजोगा केला, हे मान्य करावंच लागेल. शिवाय बोल्ट खोलून ती दुसरीकडे उभी करता येते, काँक्रीटच्या इमारतीला ते जमत नाही.

पुण्याजवळच्या एका वसाहतीत अशाच एका शेडमध्ये मी मे महिन्यात गेलो होतो. आत सौर पॅनेलांची जुळणी चालू होती. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुली सेलच्या माळा तपासत होत्या, पलीकडे लॅमिनेटर दीडशे अंशांच्या आसपास तापवून काच आणि सेल एकजीव करत होता. या हॉलला वातानुकूलन होतं, कारण दमट हवेत आतला चिकट थर बिघडतो. बाहेरून येताना छपरावर गोल, चकाकते टर्बो व्हेंटिलेटर गरगर फिरताना दिसले होते. आत मात्र वर पाहिलं तर फॉल्स सीलिंग. मी देखभालीच्या फिटरला विचारलं, “मामा, वरचे भोपळे कुणाची हवा काढतात?” ते सातारकडचे. म्हणाले, “सीलिंगच्या वरची. तिथं कोन बसलंय? शेड झाली तवा बसवले, मग एसी आला, मग सीलिंग आलं. काढायचं कुनी बघितलं न्हाई.” मग मला मागच्या पॅकिंगच्या भागात घेऊन गेले. तिथे एसी नाही, सीलिंग नाही, व्हेंटिलेटरही नाही. उजेडासाठी टाकलेले पॉलिकार्बोनेटचे पत्रे उन्हाने पिवळे, मग तपकिरी झालेले, आणि खाली दिवसाढवळ्या दिवे चालू. दुपारी दोनला पत्रा तापून कड-कड वाजत होता. “बोलतोय,” मामा वर बघत म्हणाले, “आता चारपतूर बोलंल.”

पॅकिंगला आठ-दहा पुरुष होते. गळ्यात ओला टॉवेल, शेजारी उभा पंखा. स्वच्छ ऊर्जेचं खोकं बांधणारी माणसं ती हीच. जिथे मालाला थंडावा हवा तिथे थंडावा आणि जिथे फक्त माणूस आहे तिथे पत्रा, ही वाटणी कुणी दुष्टपणे केलेली नव्हती. ती शेडच्या कोटेशनमध्येच आलेली होती. पत्र्याखाली उष्णतारोधक थर घातला असता, वर परावर्तक पांढरा रंग दिला असता आणि व्हेंटिलेटर इकडे हलवले असते, तर शेडच्या खर्चात त्याची ओळखही पटली नसती.

जुना कारखाना कायदा प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा मागत असे, आणि ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची पोकळी धरायची नाही असं बजावत असे. मालकाने नुसतं छप्पर उंच करून आत दाटीवाटीने माणसं कोंबू नयेत, म्हणून. ही कलमं लिहिणाऱ्यांना हरित वास्तुरचना हा शब्द माहीत नव्हता.

आता पुण्यातल्याच दुसऱ्या टोकाकडे. हडपसरला, मगरपट्ट्याच्या बाजूला, सुझलॉन कंपनीचं मुख्यालय आहे, ‘वन अर्थ’. सुमारे दहा एकरांवरचा बैठा परिसर, मध्ये ब्रह्मस्थान नावाचं अंगण, पाण्याचे प्रवाह, इमारतींवर अॅल्युमिनियमच्या झापडांचं आवरण, त्यातून ऊन गाळून आत येतं. विभागांची नावं सूर्य, आकाश, समुद्र, झाड अशा अर्थाची. वास्तुकार ख्रिस्तोफर बेनिंजर, जन्माने अमेरिकन, कर्माने पुणेकर. त्यांनी फत्तेपूर सिक्रीच्या चौकांवरून प्रेरणा घेतली होती. लीड प्लॅटिनम आणि गृहचे पाच तारे, दोन्ही मानांकनं या परिसराला मिळाली. बहुतेक जागांवर दिवसा दिव्याशिवाय काम करता येतं, आणि मान वळवली की बाहेरचं झाड दिसतं. पावसाळ्यात पाऊस दिसतो, ही चैन आपल्या किती कचेऱ्यांत आहे?

आवारातल्या लहान पवनचक्क्या आणि पॅनेलं मिळून क्षमता दीडशे किलोवॅटच्या आसपास. एकूण गरजेच्या मानाने ती एक आकडी टक्क्यांतली, उरलेली वीज बाहेरच्या पवन प्रकल्पांतून आणायची अशी योजना होती. काही जण यावर नाक मुरडतात. मला उलट त्यात प्रांजळपणा दिसतो. पुण्याच्या हवेत, शहराच्या वस्तीत, पवनचक्कीने एवढंच होतं. वारा जिथे आहे तिथे चक्की लावायची आणि तारांवरून वीज आणायची, हा पवनऊर्जेच्या धंद्याचाच पाया आहे. सुझलॉनचे संस्थापक तुलसी तांती सुरतेतल्या कापड कारखान्याच्या वीजबिलाला वैतागून पवनचक्क्यांकडे वळले होते, १९९५ साली. त्यांना हे पक्कं माहीत होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. ‘वन अर्थ’ कचेरी आहे. चक्कीचं पातं जिथे बनतं ती जागा वेगळ्या जातीची असते. सत्तर-सत्तर मीटर लांब साचा, काचतंतूंचे थर, राळेचा वास, पूर्ण लांबीत एकही खांब नसलेला हॉल, आणि राळ नीट वाळावी म्हणून सांभाळलेली उष्णता. तिथे हातमोजे घालून वाकून काम करणाऱ्याला उजेड, हवा आणि बसायला सावली कशी द्यायची, हा खरा अवघड प्रश्न. आपल्या उत्तम वास्तुकारांना तो क्वचितच दिला जातो. त्यांच्या वाट्याला मुख्यालय येतं. बर्लिनमध्ये पेटर बेरेन्स यांनी १९०९ मध्ये एईजी कंपनीसाठी जो प्रसिद्ध टर्बाइन हॉल बांधला, तो मात्र प्रत्यक्ष टर्बाइन जोडायचा कारखाना होता. त्यांच्या कचेरीत त्या सुमारास उमेदवारी करणारे ग्रोपियस, मीस आणि ल कॉर्बुझिए पुढे आधुनिक वास्तुकलेचे आधारस्तंभ झाले. कारखाना हा तेव्हा प्रतिभावंतांचा विषय होता.

या इमारतींचं पुढे काय झालं, हेही पाहायला हवं. झोलार-फाब्रिक कंपनी चिनी पॅनेलांच्या भावापुढे टिकली नाही, २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. सुझलॉनवर कर्जाचा डोंगर झाला आणि उतरलाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ‘वन अर्थ’ ४४० कोटींना विकलं आणि तिथेच भाड्याने राहिली. तांती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, बेनिंजर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. कंपन्या येतात-जातात, तंत्र दहा वर्षांत शिळं होतं, इमारत पन्नास वर्षं उभी राहते. म्हणून एका विशिष्ट यंत्रासाठी बेतलेल्या चतुर इमारतीपेक्षा, ज्यात उद्या बॅटऱ्या बनवता येतील आणि परवा बिस्किटं, अशी उजेडाची, उंच, कोरडी शेड मला जास्त टिकाऊ वाटते.

शेवटी दिशेकडे येऊ. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात टेस्लाने २०१४ मध्ये बॅटऱ्यांचा कारखाना बांधायला घेतला, तेव्हा समभुज चौकोनासारखा आराखडा बरोबर भौगोलिक उत्तरेला लावला. छपरावर पॅनेलं नीट बसावीत आणि आतली यंत्रं नकाशाच्या रेषांवर मांडता यावीत म्हणून. कारखान्याला नैसर्गिक वायूची जोडणी घेतलीच नाही, असंही कंपनीने सांगितलं होतं. पुढे कित्येक वर्षं छपराचा थोडाच भाग पॅनेलांनी भरला, हा भाग वेगळा. इमारत हवी तशी फिरवता आली, कारण आजूबाजूला मोकळी जागाच जागा होती.

आपल्याकडे औद्योगिक वसाहतीचा रस्ता हायवेच्या आणि उताराच्या कलाने जातो आणि प्लॉट रस्त्याला काटकोनात पडतात, रस्त्याकडे अरुंद, आत खोल. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर शेड पूर्व-पश्चिम लांब होते. मग लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात, उजेड मिळतो, दुपारचं ऊन टळतं, करवती छप्पर हवं तर सरळ बसतं. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर सगळं नव्वद अंशांनी उलटं, आणि पश्चिमेची लांब भिंत मे महिन्यात दुपारी दोनपासून सातपर्यंत तापते. दोन्ही रस्त्यांना डांबर सारखंच लागतं. पण हा निर्णय होतो मोजणीदाराच्या टेबलावर. तिथून प्लॉट उद्योजकाकडे, त्याच्याकडून शेडवाल्याच्या कोटेशनकडे, आणि वास्तुकाराला बोलावणं येतं ते दर्शनी ऑफिसची काच निळी लावायची की हिरवी, हे विचारायला.